स्वयंसेवी संगणनातील जोडणीदोष

घरच्या संगणकाची रिकामी ताकद इंटरनेटवरून एखाद्या वैज्ञानिक प्रकल्पाला देणे म्हणजे स्वयंसेवी संगणन. बॉइंक हे त्यासाठी जगभर वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले. तिथूनच १७ मे १९९९ रोजी सुरू झालेल्या सेटी ॲट होम या, परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांचे रेडिओ संकेत शोधणाऱ्या प्रकल्पाने ही कल्पना लाखो घरांत पोहोचवली. त्या प्रकल्पाने ३१ मार्च २०२० पासून नवे काम वाटणे थांबवले. आइन्स्टाइन ॲट होम, रोझेटा ॲट होम, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड हे प्रकल्प बॉइंकवरच चालत आले आहेत. २०१० मध्ये स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांनी अरेसिबो या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणारा तारा, शोधला.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत हे सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला भेडसावणारा पहिला प्रश्न गणिताचा नसतो, जोडणीचा असतो. लाइट जाते, गल्लीतल्या केबलवाल्याचा डबा बंद पडतो, मोबाइलचा दिवसाचा डेटा संपतो. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे तर रेंजच अनेक ठिकाणी कमजोर. तरीही हा भाग अशा कामाला नालायक ठरत नाही, कारण बॉइंकची रचनाच तुटक जोडणी गृहीत धरून केलेली आहे. संगणक कामाचा तुकडा उतरवून घेतो, नेट नसतानाही गणित चालू ठेवतो आणि पुन्हा नेट आले की निकाल पाठवतो. अर्धवट राहिलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे सरकते. प्रत्येक तुकड्याला मुदत असते; ती उलटली तर सर्व्हर तोच तुकडा दुसऱ्या कुणाला देतो. म्हणून दोन दिवस नेट नसणे हा बिघाड नव्हे. किती दिवसांचे काम साठवून ठेवायचे ते पसंतीच्या पानावर ठरवता येते, आणि खान्देशातल्या गावात तो आकडा थोडा वाढवून ठेवणे शहाणपणाचे.

दोष नेमका कुठे आहे हे इव्हेंट लॉग, म्हणजे बॉइंकची घडामोडींची नोंदवही, सांगतो. तो टूल्स मेनूत असतो, आणि काहीही बदलण्याआधी तो वाचणे ही या कामातली सर्वांत मोलाची सवय. प्रकल्पाशी संपर्क फसला की बॉइंक स्वतःच एका मोठ्या, सहसा बंद न पडणाऱ्या संकेतस्थळाशी बोलून पाहते. तिथे उत्तर मिळाले तर ‘इंटरनेट ॲक्सेस ओके’ असे लिहून प्रकल्पाचे सर्व्हर तात्पुरते बंद असावेत असे कळवते. अशा वेळी घरात काही करण्यासारखे नसते. राउटर दहादा बंद-चालू करून सर्व्हर लवकर उठत नाही. ‘नो टास्क्स अव्हेलेबल’ हा तर दोषच नाही, त्या घडीला वाटायला काम नाही एवढाच त्याचा अर्थ. ‘कम्युनिकेशन डिफर्ड’ आणि पुढे उलटे मोजणारे घड्याळ दिसले तर सॉफ्टवेअर मुद्दाम थांबलेले असते. प्रत्येक अपयशानंतर ही वाट पाहण्याची वेळ वाढत जाते, मिनिटापासून काही तासांपर्यंत. लाखो संगणक एकाच वेळी नुकत्याच उठलेल्या सर्व्हरवर तुटून पडू नयेत, हा त्यामागचा हेतू.

याच नियमामुळे आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो. लाइट आली की संगणक लगेच सुरू होतो, पण फायबरचा राउटर आणि गल्लीतला डबा सावरायला काही मिनिटे घेतात. तेवढ्यात बॉइंकचे सुरुवातीचे प्रयत्न वाया गेलेले असतात आणि नेट आल्यावरही ते घड्याळ संपण्याची वाट पाहत बसते. उपाय सोपा: अडकलेल्या फाइलींसाठी टूल्समधील ‘रिट्राय पेंडिंग ट्रान्सफर्स’, आणि प्रकल्पाच्या ओळीवर ‘अपडेट’.

मॅनेजरच ‘कनेक्टिंग’ म्हणत अडकला असेल तर मात्र प्रश्न इंटरनेटचा नसतो. बॉइंकचे दोन भाग असतात: पडद्यावर दिसणारा मॅनेजर आणि मागे राबणारा क्लायंट. ते एकाच यंत्रात १२७.०.०.१ या पत्त्यावर, ३१४१६ क्रमांकाच्या पोर्टमधून, म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारातून, एकमेकांशी बोलतात. गणितातल्या पाय (π) ची किंमत पाठ असेल त्याला हा क्रमांक लक्षात ठेवावा लागत नाही. क्लायंट सुरूच झालेला नसणे, किंवा अँटिव्हायरसने त्याला अडवणे, ही नेहमीची कारणे. फायरवॉलमध्ये दोन्ही भागांना परवानगी द्यावी. राउटरमध्ये पोर्ट उघडण्याच्या भानगडीत मात्र पडू नये: बॉइंक बाहेरच्या सर्व्हरकडे स्वतः जाते, बाहेरून कुणी आत यावे लागत नाही. त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉटवरही ते बिनतक्रार चालते.

हॉटस्पॉटवर अडचण येते ती वेगाची. दिवसाचा डेटा संपल्यावर अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि लॉगमध्ये ‘टाइमआउट’च्या, म्हणजे वेळेत उत्तर न आल्याच्या, ओळी उमटू लागतात. रोझेटासारख्या प्रकल्पाची सुरुवातीची फाइल शेकडो एमबींची असू शकते. ती हॉटस्पॉटवर घेण्यापेक्षा घरात फायबर असलेल्या ओळखीच्या माणसाकडे लॅपटॉप नेऊन उतरवून घेतलेली बरी.

‘कुडन्ट रिझॉल्व्ह होस्ट नेम’ आले तर नावाचा पत्ता शोधणारी डीएनएस सेवा अडली आहे असे समजावे, संगणकात १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा डीएनएस पत्ता भरून पाहावा. त्याच ओळीत होस्टऐवजी प्रॉक्सी (इंटरनेटकडे जाताना मध्ये लागणारा सर्व्हर) असा शब्द असेल तर कारण वेगळे. जळगाव किंवा धुळ्याच्या कॉलेजमध्ये, वसतिगृहात वापरलेला लॅपटॉप सुटीत गावी आला की बॉइंकच्या पर्यायांत तिथली प्रॉक्सी तशीच राहिलेली असू शकते. ब्राउझर व्यवस्थित चालतो म्हणून तिकडे लक्षही जात नाही, कारण बॉइंक प्रॉक्सीची नोंद स्वतःकडे वेगळी ठेवते.

प्रमाणपत्राच्या, म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याच्या, तक्रारी लोकांना सर्वांत जास्त दमवतात. सुरक्षित जोडणीसाठी संगणकाची तारीख बरोबर असावी लागते. मुख्य बटण बंद करून ठेवला जाणारा जुना डेस्कटॉप, त्यात मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला, मग लाइट गेली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे यंत्राला वाटते. स्वस्तातला नवा सेल बसवला की हा आजार जातो. दुसरे कारण जुन्या आवृत्तीचे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एनक्रिप्ट या संस्थेच्या साखळीतले एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले आणि विंडोजवरच्या अनेक बॉइंकना प्रकल्प अचानक परके झाले, कारण त्यांच्यासोबत आलेली प्रमाणपत्रांची यादी जुनी होती. ती फाइल बदलणे किंवा बॉइंकची ताजी आवृत्ती बसवणे हाच त्यावरचा इलाज ठरला.

कधी दोष आपणच घातलेला असतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा अनेक जण गणित फक्त रात्री चालावे अशी वेळ लावतात. नेटवर्क कधी वापरायचे ती वेळ मात्र वेगळ्या ठिकाणी लावावी लागते. तिथे चुकून दुपारची वेळ राहिली तर गणित रात्री आणि नेट दुपारी, संगणक बंद असताना, अशी विसंगती होते. लॉगमध्ये नेटवर्क थांबवल्याची ओळ कारणासह लिहिलेली असते: वेळ, ठरवलेली डेटा मर्यादा किंवा वापरकर्त्याची आज्ञा.

कंटाळून ‘रीसेट प्रोजेक्ट’ किंवा ‘रिमूव्ह’ दाबणे हा सर्वांत महागडा उपाय. त्याने जोडणी क्वचितच सुधारते, पण पूर्ण होऊन पाठवायचे राहिलेले निकाल आणि अर्धे झालेले गणित दोन्ही पुसले जातात. ट्रान्सफर्सच्या पानावर वाट पाहणाऱ्या फाइली असतील तोवर ती दोन बटणे वापरू नयेत.