विरजण, विषाणू आणि जनुकाची कात्री

दही लागलं नाही की आपल्याकडे दोष ठरलेले असतात. दूध जास्त गरम होतं, नाहीतर विरजण जुनं झालं होतं. थंडीत भांडं गव्हाच्या डब्यात दडवायचं, विरजण संपलं तर वाटी घेऊन शेजारी जायचं, आणि शेजारी कुलूप असेल तर हिरव्या मिरचीची देठं दुधात सोडायची. आमच्याकडे लिटरभर दूध बिघडलं की त्याचं पनीर व्हायचं आणि विषय संपायचा. चीजच्या कारखान्यात मात्र हजारो लिटरची टाकी अशी बसली की विषय तिथून सुरू होतो. आज जनुक-संपादन म्हणून ज्याचा गाजावाजा आहे, त्या क्रिस्परची गोष्ट याच बिघडलेल्या टाकीतून जाते. माझ्या मते ती प्रयोगशाळेतल्या कुठल्याही टेबलाइतकीच या टाकीची आहे, पण सांगताना टाकी बहुधा गाळली जाते.

दूध विरजतं ते जिवाणूंमुळे. लॅक्टोज खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि आम्लाने दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात. योगर्टमध्ये हे काम दोघे मिळून करतात. एक लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. हा 1905 मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरला जिनिव्हात आपल्या देशाच्या योगर्टमध्ये दिसला. दुसरा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. या गोष्टीचा नायक हा दुसरा.

जिवाणूंनाही विषाणू ग्रासतात, हे लंडनमध्ये ट्वॉर्टने 1915 साली आणि पॅरिसमध्ये डेरेलने 1917 साली सांगितलं. डेरेलने त्यांना बॅक्टेरिओफेज म्हटलं. डेअरीतली माणसं नुसतं ‘फेज’ म्हणतात. विरजण ‘मरण्या’मागे हेच फेज आहेत, हे 1935 मध्ये न्यूझीलंडच्या व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी दाखवलं. फेज जिवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आतल्या यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि शेवटी जिवाणू फोडून त्या बाहेर पडतात. पाश्चरीकरणाच्या उष्णतेला पुरून उरणारे फेजही पुष्कळ आहेत.

घरच्या दह्यावर हे संकट क्वचित येतं, कारण घरचं विरजण म्हणजे सरमिसळ. एका जातीला फेज लागला तरी दुसरी काम उरकते. कारखान्याला चव रोज तीच हवी असते, म्हणून तिथे निवडक एक-दोन वाणच वापरतात. त्या वाणाचा फेज शिरला की अख्खी टाकी त्याला आंदणच मिळते. उपाय ठरलेले होते: टाक्या क्लोरीनने धुवायच्या, विरजणं आलटून पालटून वापरायची, आणि फेजच्या हल्ल्यातून जे चार-दोन जिवाणू वाचतील ते वेगळे काढून त्यांचंच नवं विरजण करायचं. हे चार-दोन का वाचतात? काहींची कारणं कळली होती, काहींची नाही. पण त्यावाचून कुणाचं चीज अडत नव्हतं.

आता दूध बाजूला ठेवू. 1987 मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात योशिझुमी इशिनो आणि सहकारी ई. कोलाय या जिवाणूचं एक जनुक वाचत होते. जनुकाशेजारी त्यांना विचित्र मजकूर दिसला. डीएनएच्या 29 अक्षरांचा एक तुकडा, मग 32 वेगळी अक्षरं, पुन्हा तोच 29 अक्षरांचा तुकडा, पुन्हा वेगळी अक्षरं. भजनात ध्रुपद परत परत यावं आणि मधली कडवी मात्र दर वेळी निराळी असावीत, तसं. याचं जैविक महत्त्व कळत नाही, असं प्रामाणिकपणे लिहून त्यांनी लेख संपवला.

तसंच ध्रुपद स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोहिकाला सापडलं. भूमध्य समुद्राकाठच्या सांता पोलाच्या मिठागरात हॅलोफेरॅक्स मेडिटेरानेई नावाचा सूक्ष्मजीव राहतो. जवळच्याच आलिकांते विद्यापीठात मोहिका त्यावर पीएचडी करत होता. इतक्या खारट पाण्यात हा जगतो कसा, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर शोधताना ही पुनरावृत्ती दिसली आणि तो तिलाच चिकटून राहिला. 2000 सालापर्यंत वीसेक सूक्ष्मजीवांत त्याला ती सापडली होती. नेदरलँड्सच्या रूड यान्सेनशी पत्रव्यवहार होऊन 2002 मध्ये ‘क्रिस्पर’ हे नाव पक्कं झालं. यान्सेनच्या गटाला त्याच्या शेजारी नेहमी हजर असणारी काही जनुकंही दिसली होती, ती ‘कॅस’. पण बारसं झालेल्या या बाळाचं काम काय, ते कुणालाच माहीत नव्हतं.

ते कळलं संगणकामुळे. यासाठी जरा मागे जायला हवं. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी 1965 मध्ये तोवर ज्यांची रचना वाचली गेली होती अशा प्रथिनांचा एक संग्रह छापला. पहिल्या आवृत्तीत सगळी मिळून 65 प्रथिनं. 1982 मध्ये जेनबँक ही डीएनएच्या मजकुराची सार्वजनिक पेढी उघडली. 1990 मध्ये ब्लास्ट हे अशा मजकुरात शोध घेणारं सॉफ्टवेअर आलं. आपल्याकडचा तुकडा द्यायचा, आणि हा मजकूर जगात आणखी कुठे सापडलाय का, ते थोड्याच वेळात समोर. माझ्या लेखी ब्लास्टची खरी किमया वेगापेक्षा या सवाल-जबाबात आहे. पडद्यावर उत्तर पाहता पाहता पुढचा प्रश्न सुचतो. हे संवादी संगणन नव्वदच्या दशकात इंटरनेटवर आलं आणि आलिकांतेसारख्या आडबाजूच्या विद्यापीठातला माणूसही खेळात उतरू शकला.

2003 चा ऑगस्ट. सांता पोलाच्या उन्हातून सुटका म्हणून मोहिका आपल्या वातानुकूलित खोलीत बसून होता. वर्ड प्रोसेसरमधून ध्रुपदाच्या मधलं एकेक कडवं कापायचं आणि ब्लास्टमध्ये चिकटवायचं, एवढंच काम. ‘सापडलं नाही’ हे उत्तर पुन्हा पुन्हा. मग ई. कोलायच्या एका वाणातलं एक कडवं जुळलं, आणि जुळलं ते पी1 नावाच्या फेजशी. हा फेज ई. कोलायला ग्रासतो, पण ते कडवं बाळगणारा वाण त्याला दाद देत नाही, अशी नोंद होती. मोहिकाच्या गटाने सुमारे 4500 कडवी तपासली. जुळली फक्त 88, पण त्यांतली दोन-तृतीयांश विषाणूंशी किंवा तशाच घुसखोर डीएनएशी. म्हणजे जिवाणू पूर्वीच्या हल्लेखोरांची कात्रणं जपून ठेवत होता.

लेख ‘नेचर’ने परत केला, नंतर आणखी तीन नियतकालिकांनीही. छापून आला 2005 च्या फेब्रुवारीत, तुलनेने लहान नियतकालिकात. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आणखी दोघांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. एक गिल व्हेर्नो, प्लेगच्या जिवाणूवर काम करणारे. दुसरे अलेक्झांडर बोलोटिन, आणि त्यांचा जिवाणू होता आपला थर्मोफिलस. ज्या वाणात कडवी जास्त, तो फेजला कमी बळी पडतो, असंही त्यांच्या गटाला दिसलं.

हे सगळे तर्कच होते. सिद्ध करायला असा कुणी हवा होता ज्याच्याकडे तोच जिवाणू, त्याचेच फेज आणि फेजच्या हल्ल्यातून वाचलेले, वर्षानुवर्षं जपलेले वाण, तिन्ही असतील. असा साठा विरजण विकणाऱ्या कंपनीकडेच असतो. फिलिप ऑर्वाथने पीएचडी केली होती कोबीच्या आंबवणाऱ्या जिवाणूंवर, म्हणजे जर्मन लोक खातात त्या आंबट कोबीच्या. 2000 च्या अखेरीस तो फ्रान्समधल्या दांजे-सें-रोमें या छोट्या गावी रोडिया फूडच्या विरजण विभागात रुजू झाला. ही कंपनी 2004 मध्ये डॅनिस्को या दुसऱ्या कंपनीने घेतली. वाण ओळखायची खूण म्हणून त्याने क्रिस्परकडे पाहिलं, आणि पाहता पाहता लक्षात आलं की वाचलेल्या वाणांत कडवी वाढलेली आहेत. या गटाच्या लेखांतल्या आकृत्या आवर्जून पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक कडव्याला एक रंग आणि एक चिन्ह. रंगीत चौकोनांच्या ओळी एकाखाली एक लावल्या की कुठल्या वाणाला कुठला चौकोन नवा चिकटलाय ते नजरेलाच कळतं.

अमेरिकेत डॅनिस्कोत असलेला रोडोल्फ बारांगू आणि कॅनडाच्या लावाल विद्यापीठातले फेजतज्ज्ञ सिल्व्हेन मॉइनो यांच्याबरोबर केलेला प्रयोग मार्च 2007 मध्ये ‘सायन्स’ने छापला. तो इतका सरळ आहे की शाळेत शिकवावा. डेअरीतला फेजला बळी पडणारा एक वाण घेतला, त्यावर दोन फेज सोडले आणि वाचलेले नऊ वाण वेगळे केले. प्रत्येकात एक ते चार नवी कडवी जमली होती आणि त्यांचा मजकूर फेजमधूनच उचललेला होता. मग कडवं मुद्दाम काढून टाकलं, संरक्षण गेलं. घातलं, आलं. एक कॅस जनुक बंद पाडलं तेव्हा कडवी जागेवर असूनही जिवाणू मरू लागला. त्या जनुकाला आज कॅस-9 म्हणतात. सत्तरेक वर्षं डेअऱ्या वाचलेले वाण उचलून नवं विरजण करत होत्या. त्यांतल्या किती तरी वेळा त्या नकळत लस टोचलेले जिवाणू निवडत होत्या.

पुढचा प्रवास भराभर झाला. मॉइनो यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं की ही यंत्रणा फेजच्या डीएनएचे दोन्ही धागे ठरलेल्या जागी कापते. लिथुआनियातल्या व्हिल्निअसला व्हर्जिनियस शिक्श्निस यांनी 2011 मध्ये थर्मोफिलसची यंत्रणा जशीच्या तशी ई. कोलायमध्ये हलवली आणि ती तिथेही चालली. त्याच वर्षी इमॅन्युएल शार्पेंतिये यांना घसा सुजवणाऱ्या, थर्मोफिलसच्याच गोत्रातल्या एका जिवाणूत या यंत्रणेचा तोवर नजरेतून सुटलेला एक भाग सापडला, आरएनए या डीएनएच्या भावंड-रेणूचा एक तुकडा. पोर्टो रिकोतल्या परिषदेत त्यांची जेनिफर डाउडना यांच्याशी गाठ पडली. जून 2012 मध्ये दोघींच्या गटांनी दाखवून दिलं की मार्गदर्शक आरएनएची, म्हणजे कुठे कापायचं ते सांगणाऱ्या तुकड्याची, अक्षरं बदला, कात्री तुम्ही म्हणाल तिथे कापेल. शिक्श्निस यांचा याच धर्तीचा लेख आधीच पाठवलेला होता. पहिल्या नियतकालिकाने तो नाकारला आणि छापून यायला सप्टेंबर उजाडला.

2020 चं रसायनशास्त्राचं नोबेल शार्पेंतिये आणि डाउडना यांना मिळालं, आणि ते योग्यच आहे. पण नोबेल तिघांपर्यंत देता येतं. तिसरी खुर्ची रिकामी राहिली, हे मला अजून खटकतं. मोहिका आहे, ऑर्वाथ-बारांगू आहेत, शिक्श्निस आहेत. कदाचित उमेदवार जास्त झाले म्हणूनच ती रिकामी राहिली असेल. पेटंटच्या भांडणात इथे शिरत नाही, ती वकिलांची कादंबरी आहे.

जानेवारी 2013 मध्ये फेंग झांग आणि जॉर्ज चर्च यांच्या गटांनी ही कात्री मानवी पेशीत चालवली, आणि पेशीविज्ञानाची रोजची कामं बदलली. सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूट फॉर सेल सायन्सने तिच्या साहाय्याने मानवी मूलपेशींतल्या एकेका प्रथिनाला चमकणारी शेपटी जोडली आणि त्या पेशींची त्रिमितीय चित्रं 2017 मध्ये सर्वांसाठी खुली केली. ब्राउझरमध्ये पेशी बोटाने फिरवायची, पटल बाजूला सारायचं, आतलं केंद्रक पाहायचं. ब्लास्टला मजकूर विचारायचो, इथे चित्राला विचारतो.

आपल्या दारापर्यंत ही गोष्ट सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाटेने येते. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत हा आजार काय करतो, हे तिथल्या प्रत्येक आरोग्य केंद्राला ठाऊक आहे. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने सिकलसेलवरच्या कॅसजेव्ही या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या रक्तपेशी बनवणाऱ्या मूलपेशी बाहेर काढून त्यांच्यातला एक लगाम कापतात, आणि जन्मानंतर मागे पडलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. ती रुपयांत करून पाहण्यात अर्थ नाही; पाड्यावरच्या घरासाठी दोन्ही आकडे सारखेच. ताटाकडे ही गोष्ट परतली ती भातातून. मे 2025 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांतला ‘कमला’ हा हैदराबादेत सांबा महसुरीपासून घडवलेला.

आणि ती टाकी? विरजण विकणाऱ्या कंपन्या आता विरजणाला मुद्दाम फेज दाखवतात, वाचलेल्यांतून नवी कडवी जमवलेले वाण निवडतात. बाहेरचं जनुक त्यात घालावं लागत नाही. पण फेजही गप्प बसलेले नाहीत. 2008 मध्येच मॉइनो आणि ऑर्वाथ यांच्या गटांना दिसलं होतं की कात्री जी जागा ओळखते, तिथलं एखादंच अक्षर फेज बदलतो आणि निसटतो. म्हणून टाक्या क्लोरीनने धुणं चालूच आहे, आणि विरजणं आलटून पालटून वापरणंही.