शेततळ्याचं अस्तरीकरण: अनुदानासाठी अर्ज कसा करायचा, काय लागतं

मुरमाड रानातलं तळं पावसाळ्यात काठोकाठ भरतं आणि रब्बीला पाणी द्यायची वेळ आली की तळ दिसू लागतो. काळ्या चिकण रानात झिरपा कमी. तिथं एक हंगाम पाणी किती टिकतं ते बघून मगच अस्तराच्या कागदाचा, म्हणजे तळ्यात अंथरायच्या प्लॅस्टिक फिल्मचा, विचार करा. विहिरीला पाझर मिळावा म्हणून तळं खोदलं असेल, तर अस्तर घालूच नका. बाकीच्यांसाठी मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत अस्तरीकरणाला तळ्याच्या आकारमानानुसार कमाल 75 हजार रुपये अनुदान आहे.

जमीन अर्जदाराच्या नावावर हवी, तळं खोदून तयार हवं आणि त्याच तळ्याच्या अस्तरासाठी आधी अनुदान घेतलेलं नसावं. फार्मर आयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, आता सक्तीचा आहे, तो नसेल तर आधी तो काढा. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, ‘सिंचन साधने व सुविधा’ या घटकात करायचा. शुल्क 23 रुपये 60 पैसे. पूर्वी सोडत निघायची. 2025-26 पासून आधी अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे, त्यामुळे अर्ज लांबवू नका.

निवडीचा मेसेज आला की सातबारा, 8-अ, फिल्मचं कोटेशन, आणि लागू असेल तर जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला अपलोड करायचा. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं, कारण पैसे थेट तिथंच येतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कृषी विभागाची पूर्वसंमती. ती हातात पडल्याशिवाय कागद विकत घेऊ नका. दुकानदार ‘बिल नंतरच्या तारखेचं देतो’ म्हणेल. त्याच्या नादी लागलात तर अडचणीत तुम्ही याल, तो नाही.

कोटेशन घेताना मापाचा हिशेब स्वतः करा. 30×30×3 मीटरच्या, 1:1 उताराच्या (एक मीटर खोलीला बाजू एक मीटर आत) तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. त्याला 900 चौरस मीटर कागद पुरत नाही: तळ 576 आणि चार बाजू मिळून 458, म्हणजे 1,034 चौरस मीटर. काठावरच्या चरात गाडायचा कागद आणखी वेगळा. फिल्म 500 मायक्रॉनची, आयएस 15351 मानकाची घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या.

अंथरण्याआधी दगड, मुळ्या, धसकटं वेचून उतार चोपून घ्या. हे काम घाईत उरकलं की कागद फाटायला एक टोकदार खडा पुरतो. काम झालं की जीएसटी बिल पोर्टलवर चढवायचं. त्यानंतर कृषी विभागाकडून जागेवर मोका तपासणी होते आणि मग अनुदान जमा होतं.

कुंपण मात्र तपासणीची वाट न बघता, पाणी भरण्याआधीच करा. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा.