पावसाचे आकडे नव्हे, कोरडे महिने: सह्याद्रीतल्या झाडांच्या वाटणीमागचा इतिहास

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिरुवनंतपुरमला साधारण अठराशे. एवढ्यावरून अंदाज बांधायचा तर उंच, घनदाट सदाहरित जंगल महाबळेश्वरला हवं. प्रत्यक्षात तिथे दिसतात दहा-बारा मीटरची अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आणि त्यांच्या वाकड्या-तिकड्या फांद्यांवर शेवाळाचा थर. केरळच्या दक्षिण टोकाला, तिरुवनंतपुरमजवळच्या अगस्त्यमलै डोंगराच्या उतारांवर मात्र तीस-चाळीस मीटरची झाडं उभी आहेत. पाऊस कमी तिथे झाडं मोठी, हा उलटा हिशेब समजायला वनशास्त्राला शंभरेक वर्षं लागली.

मुळात एकोणिसाव्या शतकात प्रश्नच वेगळा होता. जंगल तोडलं की पाऊस घटतो का, याची कंपनी सरकारला काळजी. 1847 मध्ये लंडनहून संचालक मंडळाने झाडांचा हवामानावर काय परिणाम होतो याची माहिती मागवली. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन कोकणात झाडतोडीमुळे ओढे आटतात, असं लिहीत होते. म्हणजे सगळं लक्ष झाडांनी पावसाचं काय केलं याकडे. पावसाने झाडांचं काय केलं, हे पद्धतशीर विचारायला आधी पावसाच्या नोंदी हव्या होत्या, आणि भारतीय हवामान खातं स्थापन झालं ते 1875 मध्ये.

पुढे ब्रिटिश वनाधिकारी एच. जी. चॅम्पियन यांनी 1936 मध्ये भारत आणि ब्रह्मदेशातल्या जंगलांचं वर्गीकरण केलं. एस. के. सेठ यांच्यासोबत त्याची सुधारित आवृत्ती 1968 मध्ये आली. सदाहरित, निमसदाहरित, आर्द्र पानझडी, शुष्क पानझडी हे शब्द आज वनखात्याच्या कार्य आयोजनेत (जंगलाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात) दिसतात ते या वर्गीकरणामुळे. घाटाच्या पूर्व-पश्चिम फरकाला ते चपखल बसतं. महाबळेश्वरहून पसरणीचा घाट उतरून वाईला या. तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात पाऊस हजार मिलिमीटरच्याही खाली येतो आणि अंजनीची जागा खैर, धावडा, सालई घेतात. पण दक्षिणोत्तर फरक नुसत्या पावसाच्या बेरजेत सापडत नव्हता.

तो सापडला फ्रेंचांच्या मोजपट्टीने. बान्युल्स आणि गॉसेन यांनी 1953 मध्ये एक साधा निकष मांडला: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये, पाऊस तापमानाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर तो महिना कोरडा. पंचवीस अंशाच्या महिन्यात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला नाही, की झाड साठवणीवर जगतं. 1955 मध्ये पाँडिचेरीला फ्रेंच संशोधन संस्था उभी राहिली. गॉसेन यांच्या परंपरेतच तिथे जंगलांचे नकाशे तयार होऊ लागले, आणि ऐंशीच्या दशकात झाँ-पिएर पास्काल यांनी पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलांचं काम तपशिलात नेलं.

त्यांच्या मांडणीत तीन गोष्टी आहेत. पश्चिमेकडून पूर्वेकडे पाऊस घटतो, उंची वाढली की तापमान उतरतं, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे कोरडे महिने वाढत जातात. खरी कळीची तिसरी. केरळात पाऊस जूनच्या सुरुवातीला येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीचा पुन्हा भिजवतो, आणि वळवाच्या सरीही लवकर लागतात. त्यामुळे कोरडे महिने दोन-तीनच. महाबळेश्वरला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे सहा-सात महिने खडखडाट. धो-धो पडलेलं पाणी जांभ्यावरच्या पातळ मातीत थांबत नाही. (झाडं खुजी राहण्यात वाऱ्याचाही हात आहे, सगळं खापर कोरड्या महिन्यांवर फोडणं बरोबर नाही.) थोडक्यात, उत्तरेकडे सरकताना एकेक जात गळत जाते. साल वृक्षाच्या कुळातली, डिप्टेरोकार्पससारखी उंच झाडं बहुतेक कर्नाटकातच थांबतात. दावीदार, पुइराव्हो आणि ली या संशोधकांनी 2005 मध्ये घाटभर मोजमाप करून हेच दाखवलं: कोरडा काळ लांबला की वृक्षजातींची विविधता घटते.

अडचण एवढीच की, आज दिसतं ते जंगल नुसतं हवामानाने ठरवलेलं नाही. कुमरी (जंगल जाळून केलेली फिरती शेती), कोळसा, जहाजांसाठी साग, भाताच्या राबासाठी फांद्यांची तोड या सगळ्यांनी कोकणातल्या डोंगरांवर हात फिरवलाय. ऐन-किंजळाचं पानझडी रान पाहून ‘हवामानच असं’ म्हणण्याआधी शेजारची देवराई पाहावी. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया नोंदवल्या, त्यांचं एक महत्त्व हे आहे. कुऱ्हाड न लागलेल्या तुकड्यात त्याच पावसावर काय उभं राहू शकतं, हे तिथे दिसतं.

अपवादही बोलके आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. चिखलातून वर उठलेली गुडघ्यासारखी श्वसनमुळं ही तिची खूण. अशा दलदली मुख्यतः केरळ-कर्नाटकातल्या. इतक्या उत्तरेला ही टिकली, कारण वर्षभर झिरपणारं पाणी मुळांना कोरडे महिने जाणवूच देत नाही. देवाची राई म्हणून ती गावाने राखली, आणि 2021 मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केलं. झऱ्याच्या ओलीपलीकडे काही पावलं गेलं, की पुन्हा नेहमीचं कोकणी रान सुरू होतं.