मापाचा कागद देण्याआधी एवढं वाचा

काच, आरसे आणि बाथरूम पार्टिशनच्या ग्राहकांसाठी

तुम्हाला टेप धरता येतो, इंच कुठला नि सेंटी कुठला हेही कळतं, असं आम्ही धरून चालतो. तरी असे कागद येतातच की काच कापण्याआधी फोन करावा लागतो, आणि फोन लागला नाही तर तुमचं काम पडून राहतं. घोटाळा बहुतेक वेळा एकाच गोष्टीचा असतो. टिंबाचा.

कागदावर असतं '२७.६'. लिहिणाऱ्या मिस्त्रीच्या मनात २७ इंच ६ सूत. इंचाची सुतं आठ, तेव्हा ६ सूत म्हणजे पाऊण इंच. माप झालं ७०४.८५ मिमी. कॅल्क्युलेटरला सूत माहीत नाही. तो २७.६ ला २५.४ ने गुणतो आणि ७०१ सांगतो. जवळपास ४ मिमी काच गेली. फुटांत तर विचारूच नका. '६.१०' म्हणजे सहा फूट दहा इंच, २०८३ मिमी. कॅल्क्युलेटर शेवटचं शून्य गिळतो, सहा पूर्णांक एक दशांश फूट धरतो आणि १८५९ काढतो. वीतभर काच कमी!

हे आमच्याकडेच झालंय, आणि चूक आमच्या मुलाचीही होती. त्याने विचारलं नाही. रामबागेतल्या एका घराचा शॉवरचा दरवाजा, १० मिमी टफन (भट्टीत कडक केलेली काच), बिजागऱ्यांच्या दोन खाचा, हँडलचं भोक, सगळं करून आला आणि वर वीतभर उजेड दिसायला लागला. ती काच अजून दुकानात भिंतीला टेकून उभी आहे. रोजची मापं आम्ही तिच्यावरच मार्करने लिहितो.

"एवढं काय, काच मोठीच आणा नि वरून कापून घ्या ना," असं लोक म्हणतात. साधी काच मोठी निघाली तर कापता-घासता येते. टफन काच नाही. ती ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतात झटकन थंड केलेली असते, बाहेरचा थर दाबात आणि आतला ताणात राहतो. कापायला गेलात तर सगळीचे खडीसाखरेएवढे तुकडे होतात. म्हणून खाचा, भोकं, किनार, सगळं भट्टीत जाण्याआधी. त्यानंतर एक सूतही इकडचं तिकडे होत नाही.

म्हणून आमच्याकडे एक शिरस्ता आहे आणि तो काहींना जाचतो. तुमचा कागद कसाही असो, आम्ही प्रत्येक माप मिलिमीटरमध्ये नव्याने लिहितो, तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतो आणि खाली सही घेतो. दहा मिनिटं जातात. मिलिमीटरमध्ये टिंब लागतच नाही, म्हणून भांडणही लागत नाही. तुम्हीच मिमीत आणलंत तर उत्तम. इंचातच आणायचं असेल तर '२७ इंच ६ सूत' असं अक्षरात लिहा.

इंच नेमका २५.४ मिमी, हे १९५९ पासून ठरलेलं आहे. तोंडी हिशेबात लोक २५ धरतात. छोट्या फोटोफ्रेमला चालून जातं, पण ८२ इंचांच्या दरवाजात ३३ मिमी उडतात. सूत ३ मिमी धरतात, ते खरं ३.१७५. आता कोणी म्हणेल, मग तुम्ही स्वतः काचेची जाडी मिमीत आणि बिल चौरस फुटात का लावता? बाजारच तसा आहे. प्लायवाला तरी काय करतो, जाडी १८ मिमी आणि शीट आठ बाय चार फूट.

काचेवर लावायच्या फिल्मची गोष्ट वेगळी. तिथे 'मिल' म्हणतात ते मिलिमीटर नव्हे. तो इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. ४ मिलची फिल्म म्हणजे साधारण १०० मायक्रॉन, मिलिमीटरचा दहावा हिस्सा. "चार एमएमची फिल्म द्या" म्हणून अडून बसू नका, तेवढी तर काच असते.

मोजताना रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या, आणि तिन्ही लिहा. जुन्या वाड्यांत एकही चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसते, नव्या फ्लॅटमध्येही टाइल लागल्यावर भिंत ओळंब्यात राहीलच असं नाही. दोन्ही कर्ण मोजले की लगेच कळतं. काच बसायला कडेने लागते ती झिरी आम्ही सोडतो, तुम्ही वजा करू नका. दोघांनी वजा केली की काच खुळखुळते. आणि टेपच्या टोकाची पत्री हलते ती मोडकी नाही. आतून मोजताना ती स्वतःच्या जाडीएवढी मागे सरकते, बाहेरून अडकवली की तेवढीच पुढे येते. ठोकून घट्ट करू नका.

हे सगळं कटकटीचं वाटत असेल तर आमचा माणूस घरी येऊन मोजून नेतो. मोजणीचे पैसे घेतो, पण काम आमच्याकडे दिलंत की बिलातून वळते करतो. आणि माप आमचं असेल तर काच न बसल्यास दुसरी आमच्या खर्चाने. टाइलचं काम पूर्ण झाल्यावरच बोलवा, आणि बाथरूममधल्या बादल्या तेवढ्या आधी बाहेर काढून ठेवा.