फुगा आणि पोटमाळा

परळच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रोजची भांडी खाली, दिवाळीचा कंदील पोटमाळ्यावर. काय वर टाकायचं ते घरात राहणाऱ्यालाच कळतं. घरमालकाने येऊन सामान चढवलं, तर चहाचं पातेलंही वर जाईल.

ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये हाच पेच रोज असतो. २५६ जीबी रॅमच्या एका सर्व्हरवर १६ जीबीच्या तीस व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, सुखाने चालतात. बेरीज ४८० जीबी होते, पण सगळ्यांना सगळी रॅम एकाच वेळी लागत नाही. त्यांना रॅम वाटून देणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरवायझर, हा घरमालक. रॅम कमी पडली की त्याला ती कुणाकडून तरी काढून घ्यावी लागते, आणि त्याला दिसतात फक्त ४ केबीची पानं, म्हणजे रॅमचे छोटे तुकडे. कुठलं पान कामाचं, हे आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला माहीत. अंदाजाने उचलून डिस्कवर टाकलेलं पान परत आणायला एसएसडीवरसुद्धा रॅमच्या साधारण हजारपट वेळ लागतो.

यावरची युक्ती कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ साली व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्स सर्व्हर या हायपरवायझरवरील शोधनिबंधात मांडली. मला ती आजही फार सुंदर वाटते. प्रत्येक व्हीएममध्ये एक छोटा ड्रायव्हर बसवायचा, त्याचं नाव बलून. हायपरवायझरने सांगितलं की हा फुगा फुगतो, म्हणजे आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे रॅम मागून ती अडवून धरतो. मग ती सिस्टिम स्वतःच बिनकामाचं सामान हलवते. फुग्याखालची खरी रॅम हायपरवायझर दुसऱ्याला देतो. निवड घरच्यांनीच केलेली असते.

फुगा चुकीच्या वेळी फुगला तर काय होतं, ते मी एका कंपनीत रात्रपाळीला पाहिलं. हिशेबाचा सर्व्हर, तोही असाच एक व्हीएम, रांगत होता. टास्क मॅनेजरमध्ये रॅम जवळजवळ भरलेली, पण सगळ्या प्रोसेसची बेरीज पाच जीबीच्या पुढे जाईना. फुग्याने अडवलेली रॅम त्या यादीत दिसतच नाही! होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या सर्व्हरवर, तर भरपूर रॅम मोकळी होती. शेवटी सेटिंग उघडलं. रॅम १६ जीबी, आणि खाली कधीकाळी कुणीतरी टाकलेली ४ जीबीची लिमिट. रॅम वाढवताना ती काढायची राहून गेली होती. व्हीएमला वाटत होतं आपल्याकडे १६ आहेत, हायपरवायझर चारच्या वर द्यायला तयार नव्हता. ईएसएक्समध्ये फुगा मूळ सेटिंगनुसार ६५ टक्क्यांपर्यंतच फुगतो, म्हणजे इथे १०.४ जीबी. उरलेली १.६ जीबी थेट डिस्कवर गेली होती.

लिमिट काढली, फुगा थोड्या वेळात ओसरला. पण डिस्कवर गेलेली पानं आपणहून परत येत नाहीत. त्यांना हात लागला तरच येतात. सकाळी दहाला कर्मचारी अहवाल काढायला बसले की प्रत्येक पानापाशी अडकले असते. म्हणून पहाटे तो व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला.