पत्रिका आली, पण बोलावणं नाही

मे महिन्यात पुण्या-नाशकातल्या एखाद्या घरी न्यू जर्सीहून जाडसर लिफाफा येतो. त्याच्या आत आणखी एक लिफाफा, आणि त्यात पत्रिका: अमुक हायस्कूलचा यंदाचा वर्ग आपला पदवीदान समारंभ अमुक तारखेला होत असल्याचं कळवत आहे. मधल्या घडीत भाच्याच्या नावाचं चिमुकलं कार्ड. आजी काळजीत पडते, "एवढ्या लांब कसं जायचं?" जायचं नसतंच. ही 'अनाउन्समेंट' आहे, वर्दी. बोलावणं वेगळं असतं.

आपल्या लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' म्हणत घर बोलतं. इथे घर गप्प असतं, बोलतो तो वर्ग. मजकूर सगळ्यांचा एकच, फरक फक्त आतल्या नावाच्या कार्डाचा. ते कार्ड म्हणजे भेटीला गेल्यावर दारात नोकराच्या हाती चिठ्ठी देण्याच्या जुन्या शिष्टाचाराचा अवशेष. सभागृहातल्या जागा मोजक्या, प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला चार-सहा प्रवेशिका, म्हणून बाकीच्या गोतावळ्याला नुसतं कळवायचं. आणि मजकूर एकच असल्यामुळे अख्ख्या शाळेचं काम एकाच छपाईवाल्याकडे जाणं सोयीचं. या धंद्याचं मूळ बरंचसं या सोयीत आहे.

मुळात समारंभ जुना, सामान नवं. हार्वर्डचा पहिला पदवीदान समारंभ 1642 मध्ये झाला, तेव्हा पदवीधर होते नऊ. पुढची दोन-अडीच शतकं पदवीधरांची संख्या इतकी बेताची राहिली की त्यांच्यासाठी बाजार उभा राहण्याचं कारणच नव्हतं. 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशींना एम.डी.ची पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई त्या सोहळ्यासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. अमेरिकेतल्या पदवीदानासाठी समुद्र ओलांडून आलेल्या मराठी पाहुण्यांत त्या बहुधा पहिल्याच. त्या वेळी अमेरिकी कॉलेजांत कोणी कसला झगा घालायचा याचा एकच असा नियमही नव्हता.

तो आला 1895 मध्ये, आणि त्याची कथा मजेदार आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावात कॉट्रेल अँड लिओनार्ड नावाची कपडे विकणारी पेढी होती. त्या घरातला गार्डनर कॉट्रेल लिओनार्ड हा विल्यम्स कॉलेजात शिकत होता आणि 1887 च्या आपल्या वर्गासाठी त्यानेच गाऊन आखले. पुढे कोलंबिया विद्यापीठात कॉलेजांच्या प्रतिनिधींनी बसून पोशाखाची संहिता ठरवली: बाही कोणाची टोकदार, कोणाची घोळदार, कोणत्या विद्याशाखेला कोणता रंग. सल्ल्याला होता हाच लिओनार्ड. 1902 मध्ये न्यूयॉर्क राज्याने याच पेढीशी जोडलेल्या पोशाख-कार्यालयाला सनद दिली. म्हणजे कापड विकणारा आणि कापडाचे नियम सांभाळणारा एकच. आजच्या भाषेत याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणता येईल, पण तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलेलं दिसत नाही.

शाळांपर्यंत हे लोण पोचायला संख्या वाढावी लागली. 1900 मध्ये अमेरिकेत सतरा वर्षांच्या शंभर मुलांमागे हायस्कूल पूर्ण करणारी जेमतेम सहा होती, 1940 पर्यंत निम्मी. सुरुवातीच्या वर्षांत मुली समारंभाला पांढरे झगे घालून येत, आणि झग्यांवरून घराघरांत चढाओढ लागे. कोणाच्या झग्याला रेशमी लेस, कोणाची आई उसनवारी करून शिवणार. काही शाळांनी खर्चाला मर्यादा घातली, काहींनी मुलींना स्वतःच साधा सुती पोशाख शिवायला लावलं. शेवटी सोपा उपाय सापडला: सगळ्यांना एकसारखा, भाड्याचा गाऊन. गरिबी झाकायला आलेली ही वस्तू होती. आज शाळांतून बहुधा पॉलिएस्टरचा गाऊन मिळतो आणि तो विकतच घ्यायचा असतो. एका संध्याकाळीपुरता अंगात घातलेला तो गाऊन पुढची वीस वर्षं कपाटात लोंबकळत राहतो.

टोपी हवेत उडवण्याची प्रथा नौदलाची. ॲनापोलिसच्या अकादमीत 1912 मध्ये पदवीधरांना तिथल्या तिथे अधिकाऱ्यांच्या टोप्या मिळाल्या, जुन्या निरुपयोगी झाल्या, म्हणून त्या भिरकावल्या.

अंगठीचा प्रवाह निराळा. वर्गाची अंगठी ही चाल वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीने 1835 मध्ये पाडली. मिनेसोटातल्या ओवाटोना गावी ऑटो जोस्टेन याने 1897 मध्ये घड्याळं आणि दागिने दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि काही वर्षांत ते शाळांच्या अंगठ्यांकडे वळलं. तेच आजचं जोस्टेन्स. अशाच आणखी दोन कंपन्या निघाल्या: मॅसॅच्युसेट्समध्ये 1913 साली बॅल्फोर, इंडियानापोलिसमध्ये 1920 साली हर्फ जोन्स. अंगठीसाठी विक्रेता शाळेत येतच होता, मग त्याच पिशवीतून पत्रिका, गाऊन, वार्षिक अंक, पदवीचं आवरण असं एकेक बाहेर पडत गेलं. पालकांपुढे येतो तो छापील फॉर्म, त्यावर लहान-मोठी पॅकेजं. झग्याने झाकलेला घराघरातला फरक पॅकेजच्या आकड्यात पुन्हा उघडा पडतो. बाजार किती मोजक्या हातांत आहे हे 2014 मध्ये दिसलं: जोस्टेन्सची मालक कंपनी बॅल्फोरच्या मालक कंपनीला सुमारे 50 कोटी डॉलरना विकत घेणार होती. स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने अंगठ्यांच्या बाजाराचा मुद्दा काढून हरकत घेतली आणि सौदा मोडला.

या सगळ्यात एक वस्तू मात्र शाळाच देते, ती म्हणजे पदवीचा कागद. 'डिप्लोमा' म्हणजे ग्रीकमध्ये दुमडलेलं. रोमन सैनिकाला निवृत्तीनंतर मिळणाऱ्या हक्कांचा लेख काशाच्या दोन पत्र्यांवर कोरून, पत्रे एकत्र बांधून देत, म्हणून ते नाव. मग कित्येक शतकं मेंढीच्या कातड्याचा पार्चमेंट, म्हणून अमेरिकेत पदवीला 'शीपस्किन' हे टोपणनाव. मग कागदाची सुरळी आणि रिबीन, आणि आता पुन्हा दोन पुठ्ठ्यांमध्ये. मंचावर हातात पडतं ते आवरण पुष्कळदा रिकामंच असतं. अखेरचे गुण हिशेबात आले की खरा कागद मागून येतो. या कागदावर लोकांचा जीव किती असतो ते हार्वर्डने 1961 मध्ये अनुभवलं. पदवी लॅटिनऐवजी इंग्रजीत छापायचं ठरलं आणि मुलं रस्त्यावर उतरली, अध्यक्ष नेथन प्यूसी यांच्या घरासमोर 'लॅटिन सी, प्यूसी नो' (लॅटिनला हो, प्यूसींना नाही) अशा घोषणा झाल्या. पदवी मात्र इंग्रजीतच राहिली.

कोरीव अक्षरांच्या पत्रिकेची जागा गेल्या वीसेक वर्षांत फोटोच्या कार्डांनी बरीच घेतली. ती घरीच संगणकावर जुळवता येतात आणि औषधांच्या दुकानातही छापून मिळतात, त्यामुळे शाळेतल्या विक्रेत्याची पकड ढिली झाली. 2020 मध्ये सभागृहं बंद पडली तेव्हा घरापुढच्या हिरवळीवर मुलाच्या नावाचे फलक उभे राहिले. म्हणजे आपला फ्लेक्सच, फक्त त्यावर नगरसेवकाचा फोटो नाही.

आपल्याकडे ही वर्दी देण्याचं काम पेढेच करत आले. गाऊन विद्यापीठाकडून भाड्याने, आणि फोटो स्टुडिओत काळा झगा आणि सुरळी कायमची टांगलेली, बी.ए. झालेल्या आजोबांच्या हातातली सुरळी खुशाल कोरी असायची.

अमेरिकी शिष्टाचार सांगतो की अनाउन्समेंट आली म्हणून भेट पाठवायचं बंधन नाही, अभिनंदनाच्या चार ओळी पुरतात. आजीला हे समजावून सांगून झालं. तिने ऐकून घेतलं, 1,001 रुपये पाकिटात घातले, आणि दिवाळीत तिकडे कोण जाणार आहे त्याची चौकशी सुरू केली.