अ‍ॅटमॉस्फेरिक्स

अ‍ॅटमॉस्फेरिक्स (थोडक्यात 'स्फेरिक्स') : विजा चमकल्यामुळे निघणाऱ्या आणि रेडिओत खरखर-कडकड होऊन ऐकू येणाऱ्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरी. दुसरा अर्थ, एखाद्या जागेत किंवा प्रसंगात मुद्दाम तयार केलेला मूड, म्हणजे आपण मराठीत वातावरणनिर्मिती म्हणतो तीच. पहिला अर्थ जुना आहे आणि या नोंदीत भर त्याच्यावरच आहे.

वळवाच्या दिवसांत संध्याकाळी मीडियम वेव्हवर स्टेशन लावलं की काय ऐकू येतं ते वेगळं सांगायला नको. कारण असं, की विजेचा प्रवाह क्षणात हजारो अँपिअरपर्यंत चढतो आणि लगेच उतरतो, त्यामुळे लहरी खूप रुंद पट्ट्यात पसरतात, तरी सगळ्यात जास्त ऊर्जा साधारण 5 ते 10 किलोहर्ट्झच्या आसपास असते. एवढ्या कमी वारंवारतेच्या लहरी जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीत अडकतात आणि फारशा क्षीण न होता हजारो किलोमीटर जातात, म्हणजे आपल्याकडे आभाळ निरभ्र असलं तरी खरखर असू शकते. यातल्याच काही लहरी वर निसटून पृथ्वीच्या चुंबकीय रेषा धरून दुसऱ्या गोलार्धात उतरतात, वाटेत वरचे सूर पुढे आणि खालचे मागे पडतात, आणि कानाला उतरत जाणारी शीळ ऐकू येते, तिला 'व्हिसलर' म्हणतात.

हे आवाज सगळ्यात आधी कोणी ऐकले यावर एकमत नाही. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलचा सहकारी टॉमस वॉटसन याने 1876 च्या सुमारास बोस्टनमधल्या टेलिफोनच्या तारेवर रात्री विचित्र आवाज ऐकले, ते सूर्यावरच्या स्फोटांचे किंवा दुसऱ्या ग्रहावरचे असावेत असंही त्याला वाटलं होतं, पण हे त्याने पुष्कळ नंतर लिहिलेल्या आठवणींतून कळतं. ऑस्ट्रियातल्या 22 किलोमीटरच्या तारेवरची 1886 ची निरीक्षणंही काही अभ्यासक पुढे करतात. ब्रिटिश टपाल खात्याचे प्रीस यांनी मार्च 1894 मधल्या ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी तारांवर ऐकलेल्या आवाजांची माहिती त्याच वर्षी छापली, आणि तारखेचा विचार केला तर हाच पुरावा जास्त भरवशाचा वाटतो. जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेनचं काम पहिल्या महायुद्धातलं, शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकताना शिट्ट्या येत होत्या, तो लेख 1919 चा. त्या शिट्ट्या कुठून कशा येतात हे मात्र ब्रिटिश शास्त्रज्ञ स्टोरी यांनी 1953 मध्ये नीट मांडलं. भारतात गुलमर्ग, नैनिताल आणि वाराणसी इथे बनारस हिंदू विद्यापीठाच्या लोकांनी व्हिसलर नोंदवले, विषुववृत्ताच्या एवढं जवळ ते सहज मिळत नाहीत म्हणून या नोंदींना मोल आहे.

रशियन शास्त्रज्ञ पोपोव्हचा वाद वेगळा. 7 मे 1895 ला सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने दाखवलेलं यंत्र रेडिओ होता की नाही यावर रशियन आणि पाश्चात्त्य लेखक आजही भांडतात; पण ते दूरच्या विजा टिपत होतं, पुढे साधारण 30 किलोमीटरवरची वादळं त्यावर नोंदली गेली, यावर कोणाचाच आक्षेप नाही, त्यामुळे निदान स्फेरिक्सच्या इतिहासात तरी त्याचा मान पक्का धरावा.

या खरखरीला त्रास समजून तिच्या मागे लागलेल्यांच्या हाती फार मोठ्या गोष्टी लागल्या, हे आवर्जून सांगायला हवं. ब्रिटिश शास्त्रज्ञ वॉटसन-वॉट 1915 पासून वादळांच्या जागा शोधत होते, त्यासाठी 1920 च्या दशकात बनवलेलं कॅथोड-किरण दिशाशोधक (लहर कोणत्या दिशेने आली ते पडद्यावर दाखवणारं यंत्र) पुढे दुसऱ्या महायुद्धात फार उपयोगी पडलं आणि ते स्वतः रडारकडे वळले. अमेरिकन अभियंता कार्ल जान्स्की अटलांटिकपारच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते 20.5 मेगाहर्ट्झवर मोजत होता. जवळची वादळं आणि लांबची वादळं सोडून उरलेला एक संथ सततचा आवाज आकाशगंगेतून येतोय हे त्याने 1933 मध्ये जाहीर केलं आणि तिथून रेडिओ खगोलशास्त्र सुरू झालं. अमेरिकन अभियंता आर्मस्ट्राँगने एफएम रेडिओ आणला तोही मुख्यतः ही खरखर टाळायलाच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं वीज-नोंद जाळं याच तत्त्वावर चालतं: एकाच लहरीची वेगवेगळ्या ठिकाणी पोचायची वेळ मोजायची आणि वीज कुठे पडली ते काढायचं. शेतात काम करणाऱ्यांना सावध करणारं 'दामिनी' अ‍ॅप त्यावरच उभं आहे.

मूड या अर्थाने हा शब्द इंग्रजीत नाटक-सिनेमाची समीक्षा आणि राजनैतिक बातम्यांत रुळला. मार्केटिंगमध्ये तो त्या विषयाचे अमेरिकन प्राध्यापक फिलिप कोटलर यांच्या 1973-74 च्या लेखातून आला: गिऱ्हाइकावर परिणाम व्हावा म्हणून दुकानाची रचना विचारपूर्वक करणं, त्यात रंग-प्रकाश, आवाज, वास आणि स्पर्श धरले आहेत, चव नाही. मार्केटिंगचेच अभ्यासक मिलिमन यांच्या 1982 च्या सुपरमार्केटमधल्या प्रयोगात संथ संगीत लावल्यावर लोक हळू चालले आणि विक्री वाढली. आपल्याकडे नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत यांना मिळून वातावरणनिर्मिती म्हणतात, आणि निवडणुकीच्या आधी पक्ष करतात तिलाही हाच शब्द चालतो.